पाण्याचं माप आणि बाबांचा उन्हाळा

‘उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आमच्या घरात जसाच्या तसा चालत नाही. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे, हृदय अशक्त आहे आणि दिवसभरात दीड लिटरच्या वर काही प्यायचं नाही असं डॉक्टरांचं बंधन आहे. चहा, दूध, सूप सगळं त्या दीड लिटरातच धरायचं. शिवाय सकाळी लघवी होण्याची गोळी. म्हणजे आत जाणारं पाणी मोजून आणि बाहेर जाणारं गोळीच्या जोरावर. त्यात घामाची भर पडली की काय करायचं, हे विचारायला ऊन तापण्याच्या आधीच मी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले.

जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून नेली. चिठ्ठीवरची आणि चिठ्ठीविना आणलेलीही. हे फार उपयोगी पडलं, कारण डॉक्टरांनी सर्वांत आधी बाजूला काढली ती गुडघेदुखीची गोळी. लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, असं तिन्ही एकत्र आलं आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडांवर एकदम ताण येतो. ती गोळी बंद झाली. सर्दीचं आणि झोप आणणारं एक जुनं औषध होतं, तेही गेलं; अशा काही औषधांनी घाम येणंच कमी होतं, आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून उन्हाळ्यात तो यायलाच हवा. बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्या मात्र उन्हाळा आहे म्हणून आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

मग मी मुद्द्याचा प्रश्न विचारला: फार उकाड्याच्या दिवशी पाण्याचं बंधन किती सैल करायचं? त्यांनी सरसकट आकडा दिला नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, असं सांगितलं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, पायांवर सूज आली, धाप लागली, तर अंगात पाणी साठतंय. वजन भराभर उतरलं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय. दोन्ही वेळा फोन करायचा. पाणी किंवा गोळी किती बदलायची हे डॉक्टर ठरवणार. ओआरएसबद्दलही विचारून घेतलं. एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम. जुलाब झालेल्यांचे प्राण त्याने वाचतात, पण बाबांसारख्यांनी ते ‘उन्हाळ्याचं पेय’ म्हणून घ्यायचं नाही.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. बाबांना तहानच लागत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद उतरते आणि शरीरातला पाण्याचा साठाही तरुणपणापेक्षा कमी असतो. त्यामुळे ‘तहान लागली की पिईन’ हे त्यांचं उत्तर प्रामाणिक असलं तरी त्यावर विसंबता येत नव्हतं. दुसरी अडचण त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितली: “रात्री उठावं लागतं गं, अंधारात पडायची भीती वाटते. म्हणून संध्याकाळपासून पाणी टाळतो.” हे ऐकून मला फार वाईट वाटलं. किती वृद्ध माणसं या एका भीतीपोटी कोरडी राहत असतील! आम्ही पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे लावले, वाटेतलं पायपुसणं उचललं आणि पाण्याचा मोठा वाटा सकाळ-दुपारकडे सरकवला. सकाळी एका जगमध्ये दिवसाचं पाणी भरून ठेवायचं, चहा-दूध झालं की तेवढं त्यातून काढून टाकायचं. जग समोर असल्यामुळे किती राहिलं ते बाबांनाही दिसायचं, आणि माझं मागे लागणं थांबलं. त्यांच्या स्वाभिमानासाठी हे गरजेचं होतं.

खोलीचा विचार मी पाण्याइतकाच गांभीर्याने केला. २००३च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत ७० हजारांहून अधिक माणसं गेली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार, आणि त्यांत वृद्धच जास्त होते. तिथल्या अभ्यासात थेट छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका अधिक असल्याचं दिसलं. बाबांची खोली वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होती. त्यांना ती सोडायची नव्हती. पुस्तकं, रेडिओ, सवयीची खिडकी सगळं तिथे. शेवटी पुस्तकं आणि रेडिओही खाली आणला, तेव्हा ते आले. भिंतीवर तापमापक टांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली असावी. रात्रीचा आकडा आम्हाला नेहमी जमला नाही, पण त्यामुळे लक्ष रात्रीकडे वळलं. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी ते आधीच थकलेलं असतं. दिवसा खिडक्या-पडदे बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की पंखा अंगावर गरम वाराच टाकतो, म्हणून तेव्हा पंख्यावर न विसंबता ओल्या फडक्याने हातपाय, मान पुसत राहायचं. ओल्या फडक्याला पाण्याचं बंधन नाही, हे बाबांना फार आवडलं.

उकाडा सर्वांत कडक होता त्या आठवड्यात वहीने आपलं काम केलं. वजन सलग उतरत गेलं आणि एका सकाळी पलंगावरून उठताना बाबांनी कपाट धरलं. बसून आणि उभं राहून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर ते बरंच खाली येत होतं. मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीची मात्रा अर्धी केली, पाणी थोडं वाढवून दिलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालताहेत ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम तपासायला सांगितलं. रक्ताचे आकडे काळजीच्या टोकाला गेलेले नव्हते. वजन थांबलं, चक्कर गेली.

मी कामावर असताना शेजारच्या काकू दुपारी डोकावत. फोनवर ‘बरा आहे’ म्हणणारा माणूस गोंधळलेला आहे का, हे समोर पाहिल्यावरच नीट कळतं. त्यांच्यासाठी दाराशी कागद लावला: बोलणं असंबद्ध, अंग तापलेलं, चालताना तोल जातोय, तर आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, उष्माघाताचा ताप त्याने उतरत नाही. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हवा गार व्हायला लागली तशी वजनाची रेघ उलट फिरू लागली आणि घोट्यांवर किंचित सूज दिसली. उन्हाळ्यासाठी कमी केलेली मात्रा आता अपुरी पडत होती. पुन्हा फोन केला. गोळी पूर्वीइतकी आणि पाणीही पूर्वीइतकं झालं. ही दोन्ही वळणं वहीत तारखेसह नोंदली आहेत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी डॉक्टरांपुढे तेच पान उघडता येईल.