दोन सेल्मेन्त्स, एक आजोबा

भावाचं म्हणणं, आजोबा स्लोव्हाक. बहिणीचं म्हणणं, हंगेरियन. दोघंही सत्तरीकडे झुकलेले, आणि आजोबा अर्थातच एक.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये वंशशोधनाचं काम करते. इथे हा वाद नवा नाही. इथल्या बकाय रोडवर एके काळी हंगेरियन लोकांची मोठी वस्ती होती, आणि स्लोव्हाकही या शहरात तितकेच रुजलेले. चेक आणि स्लोव्हाक संघटनांनी एकत्र राज्यासाठी पहिला करार केला तो १९१५ साली याच शहरात. पण बहुतेकांचा वाद हौसेचा असतो. या भावाला पासपोर्ट हवा होता.

स्लोव्हाकियाने २०२२ मध्ये नागरिकत्वाचे नियम सैल केले. आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबांपैकी कुणी चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक असतील आणि त्यांचा जन्म आजच्या स्लोव्हाकियाच्या हद्दीतला असेल, तर अर्ज करता येतो. भावाने टेबलावर ठेवला आजोबांचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, १९२०च्या दशकातला: चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकावरची निष्ठा सोडतो, खाली सही. बहिणीने शांतपणे १९०९च्या जहाजाच्या प्रवासी यादीची प्रत काढली. देश हंगेरी, वंश मग्यार, म्हणजे हंगेरियन.

"आता बोला," ती म्हणाली. मला नव्हे, भावाला.

दोन्ही कागद खरे होते. आजोबा निघाले तेव्हा हंगेरीचं राज्य अखंड होतं. पहिल्या महायुद्धानंतर, ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहात त्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला आणि गाव चेकोस्लोव्हाकियात पडलं. आजोबा ज्या देशात कधी राहिलेच नाहीत, त्याच्यावरची निष्ठा त्यांनी ओहायोतल्या कोर्टात सोडली. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेतही त्यांचा जन्मदेश चेकोस्लोव्हाकिया आहे, कारण जन्मस्थळ आता ज्या देशात आहे तोच लिहा, अशी गणना करणाऱ्यांना सूचना होती. म्हणून देशाच्या रकान्यावर मी विश्वास ठेवत नाही. गाव सापडलं पाहिजे.

गाव प्रवासी यादीत होतं: सेल्मेन्त्स, उंग परगणा. त्यावर बोट ठेवताच माझ्या पोटात जरा गोळा आला. सेल्मेन्त्स दोन आहेत, किश म्हणजे छोटं आणि नॉद्य म्हणजे मोठं, आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक असतात तशी. एकाची घरं संपतात तिथे दुसऱ्याची सुरू होतात. एरवी याचा अर्थ एवढाच की नोंद कुठल्या नावाखाली शोधायची. इथे देश ठरणार होता. १९४५च्या जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियाने आपला पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाला देऊन टाकला, आणि नवी हद्द या दोन गावांच्या मधून गेली. मोठं सेल्मेन्त्स आज स्लोव्हाकियात, छोटं युक्रेनमध्ये. कित्येक दशकं मधे तारेचं कुंपण होतं. तारेपलीकडच्या बहिणीला भेटायचं तर लांबच्या नाक्यावरून, परवाने काढून, वळसा घालून जायचं. पायी जाण्यापुरतं फाटक उघडलं ते २००५च्या डिसेंबरात.

हे मी त्या दोघांना लगेच सांगितलं नाही. आधी माणूस शोधायचा होता.

हंगेरीत सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ ला. आजोबांचा जन्म १८८८चा, म्हणजे चर्चची पुस्तकं. कोणतं गाव कोणत्या पॅरिशखाली, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत, येतं हे द्वोर्झाकच्या १८७७च्या गावसूचीत पंथवार दिलेलं असतं. त्या सूचीशिवाय मी या भागातलं कुठलंच काम हाती घेत नाही. पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळाल्या. अक्षर बरं, शाई फिकी. पण दोन-तीन वर्षांच्या अंतरात त्याच आडनावाचे तीन यानोश बाप्तिस्मा घेऊन बसलेले. यानोश म्हणजे हंगेरियनमधला जॉन. यादीतला 'जॉन' यातला कोणता?

इथे जहाज कंपनीचा कारकून मदतीला आला. १९०७ पासून मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव यादीत लिहावं लागे. आजोबांनी वडिलांचं नाव सांगितलं होतं. त्या नावाचा बाप एकाच यानोशला होता. त्याच बापाच्या धाकट्या मुलींच्या नोंदीही पुढे सापडल्या, त्याच घरक्रमांकावर, म्हणून मला खात्री वाटली. मग मी गावाच्या रकान्याकडे पाहिलं.

किश-सेल्मेन्त्स.

"म्हणजे?" भावाने विचारलं. मी नकाशा फिरवून त्याच्यापुढे केला. तो बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिला. "युक्रेन?" तो म्हणाला. "आमच्या घरात युक्रेनचं नावसुद्धा कुणी काढलं नाही." खरंच होतं ते. आजोबा तिथून निघाले तेव्हा आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते गाव युक्रेनमध्ये नव्हतंच.

बहीण जिंकल्यासारखी दिसली, पण तिचाही मार्ग सोपा नव्हता. हंगेरी २०११ पासून जुन्या राज्यातल्या नागरिकांच्या वंशजांना तिथे न राहता नागरिकत्व देते, मग ते गाव आज कुठल्याही देशात असो. पण हंगेरियन बोलता यावं लागतं. तिला येत होत्या त्या शिव्या, प्रार्थना आणि स्वयंपाकघरातले शब्द. अधिकाऱ्यासमोर तेवढ्यावर निभावणार नाही, हे मी सांगितल्यावर तिने तोंड वाकडं केलं.

उठता उठता आणखी एक पान उघडून पाहिलं, आजीआजोबांच्या लग्नाचं. हे लग्न १८९५ नंतरचं, त्यामुळे सरकारी नोंदीत वधूचं जन्मगाव स्वच्छ लिहिलेलं होतं: नॉद्य-सेल्मेन्त्स. आजी पलीकडची. म्हणजे आजच्या हिशेबाने स्लोव्हाकियातली.

भाऊ परत खुर्चीत बसला. मी त्याला आधीच थांबवलं. चेकोस्लोव्हाकिया जन्मला १९१८ मध्ये, आणि आजी त्याआधीच देश सोडून गेलेली. तिला चेकोस्लोव्हाकियाची नागरिक धरतात की नाही, हा प्रश्न वकिलाचा, माझा नव्हे. मी जन्मनोंद काढून देऊ शकते, त्यापुढे नाही.

"काढा," तो म्हणाला.

"पैसे हा देणार," बहीण म्हणाली. "आजोबांचे मी दिलेत."

मी आजीच्या नावाची फाइल उघडली.