थिब्स गेला, आता बाकाकडे बघणारा कोच हवा

"ताई, झालं का काही?"

गेले तीन आठवडे भावाचा हा मेसेज रोज येतो. तो नागपुरात, मी जर्सी सिटीत. त्याची सकाळ होते तेव्हा माझी रात्र सुरू झालेली असते, आणि उत्तर रोज तेच असतं: नाही झालं. हे लिहितेय तेव्हा २०२५ चा जून संपत आलाय, नवे खेळाडू निवडायचा ड्राफ्टही उरकलाय, आणि न्यूयॉर्क निक्स या आमच्या एनबीए बास्केटबॉल संघाला अजून कोच नाही.

३ जूनला निक्सचा कोच टॉम थिबोडो, म्हणजे आमचा थिब्स, याला काढल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. आधी वाटलं कुणीतरी अफवा सोडली असेल. मग भावाचाच फोन आला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. "काहून काढलं त्याला?" एवढंच विचारलं त्याने. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मी २०१४ साली इथे आले. त्या मोसमात निक्सने ८२ पैकी १७ सामने जिंकले. सतरा! मी या संघाच्या प्रेमात पडले ते असल्या दिवसांत. सलग सात वर्षं प्लेऑफ, म्हणजे साखळी सामन्यांनंतरची बाद फेरी, नाही. मग २०२० मध्ये थिब्स आला. पाच मोसमांत चारदा प्लेऑफ, गेल्या दोन्ही वर्षी पन्नास किंवा जास्त विजय, आणि यंदा बॉस्टनला हरवून तब्बल २५ वर्षांनी ईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पूर्व गटाची, फायनल. बसलेल्या आवाजात ओरडत साइडलाइनवर येरझारा घालणारा तो माणूस मला घरच्यासारखा वाटायचा. त्याने आम्हाला ताठ मानेने निक्सची जर्सी घालायला शिकवलं. त्याच्याबद्दल वाईट बोललेलं मला आजही सहन होत नाही.

तरीही त्याला काढणं पूर्ण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी शाळेच्या संघात होते. धरमपेठेत राहायचो, संध्याकाळी पाच ते सात सिमेंटच्या कोर्टवर सराव. संघात बारा मुली, पण आमचे सर खेळवायचे त्याच पाच जणींना. मी सातव्या नंबरची. जिल्ह्याच्या सामन्यांत मी गुडघ्यापर्यंत मोजे ओढून तयार बसायचे आणि सामना संपल्यावर तशीच कोरडी घरी यायचे. एकदा उपांत्य सामन्यात आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी मुलगी, पायात गोळे येऊन खाली बसली तेव्हा सरांनी मला उठवलं. दोन वर्षं न खेळवलेली मुलगी त्या चार मिनिटांत काय करणार? माझ्या हातून तीनदा बॉल गेला. सर वाईट नव्हते. त्यांचा त्या पाच जणींवर जीव होता, आणि बाकीच्या सात जणी त्यांना दिसतच नव्हत्या.

म्हणून निक्सचा सामना बघताना माझी नजर आपोआप बाकाकडे जाते. यंदा आपल्या जॉश हार्टची सामन्यामागची सरासरी मिनिटं अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त होती. संघातलाच मिकाल ब्रिजेस मार्चमध्ये उघडपणे म्हणाला की मिनिटांबद्दल आपण कोचशी बोललो आहोत, आणि थिब्स म्हणाला की असं बोलणं झालंच नाही. आणि मग २१ मेची रात्र. इंडियानाविरुद्ध पहिला सामना, शेवटची तीन मिनिटंही उरलेली नाहीत आणि आपण १४ गुणांनी पुढे! त्यांच्या नेस्मिथने एकामागून एक थ्री, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट, मारले. शेवटच्या क्षणी त्यांच्याच हॅलिबर्टनचा बॉल रिंगवर आपटून आकाशात गेला आणि सरळ आत पडला. बरोबरी, ओव्हरटाइम, १३५-१३८. भाऊ पहाटे साडेपाचपासून जागा होता. आम्ही दोघं फोनवर काहीही न बोलता बसून होतो. आपले पाय जड झाले होते, हे मला दिसत होतं. तिसऱ्या सामन्यात थिब्सने शेवटी बाकावरचे शॅमेट आणि डेलॉन राइट यांना खेळवलं, मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीपासून उतरवलं, आणि २० गुणांची पिछाडी भरून आपण जिंकलो. हे आधी का नाही केलं, असं मी त्या रात्री भिंतीला विचारत होते.

आता पुढे कोण?

व्यवस्थापनाने सुरुवातच अशी केली की मला लाज वाटली. दुसऱ्या संघांच्या नोकरीत असलेले कोच मागायला निघाले: डॅलसचा किड, ह्यूस्टनचा उडोका, मिनेसोटाचा फिंच, अटलांटाचा स्नायडर, शिकागोचा डोनोव्हन. पाचही ठिकाणी नकार. थिब्सला काढण्याआधी याचा विचार व्हायला हवा होता.

भावाला डेन्व्हरचा माजी कोच मायकल मलोन हवा. मलोन क्वीन्सचा, त्याचे वडील निक्सचे सहायक कोच होते, २०२३ चं विजेतेपद त्याच्या नावावर. मोह होतो, नाही असं नाही. पण डेन्व्हरमध्येही तरुण खेळाडूंना किती खेळवायचं यावरूनच कुरबुर होती. भावाशी या मुद्द्यावर माझं दोनदा कडाक्याचं भांडण झालंय. कॉलेज संघाचा कोच राहिलेल्या जे राइटचं नावही लोक घेतात, कारण आपले ब्रन्सन, हार्ट आणि ब्रिजेस तिघंही व्हिलानोव्हा विद्यापीठात त्याच्या हाताखाली घडले. पण तो निवृत्त आहे, सुखात आहे, त्याला राहू द्या. टेलर जेन्किन्सने मेम्फिसमध्ये खरोखर दहा-दहा जणांना आलटून पालटून खेळवलं. माझ्यासारखीला ते आवडणारच. मात्र सहा वर्षांत प्लेऑफची एकच मालिका त्याला जिंकता आली.

माझं मत सॅक्रॅमेंटोचा माजी कोच माइक ब्राउनला. सॅक्रॅमेंटोने १६ वर्षं प्लेऑफ पाहिला नव्हता, याने पहिल्याच वर्षी तिथे नेलं. तो संघ खेळायचा कसा, ते आठवा: सबोनिस या उंच खेळाडूकडे बास्केटपासून लांब, वरच्या बाजूला बॉल द्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती पळायचं. आपल्या टाउन्सच्या हातात तसा बॉल दिला तर काय होईल, याची मी स्वप्नं बघते. तिथल्या फॉक्सला त्याच मोसमात क्लच प्लेअरचा, म्हणजे अटीतटीच्या शेवटच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्याचा, पहिला पुरस्कार मिळाला, आणि यंदा तोच पुरस्कार ब्रन्सनला मिळालाय. आणि तिथलाच मलिक मंक! त्याच्यासारखा खेळाडू बाकावरून उठून सामना फिरवायचा, आणि कोच त्याला फिरवू द्यायचा. सॅक्रॅमेंटोने डिसेंबरमध्ये ब्राउनला काढलं, तेही नवा करार देऊन वर्ष व्हायच्या आत. थिब्सचंही अगदी तेच झालं, म्हणून मला ब्राउनबद्दल जरा जास्तच जिव्हाळा वाटतो.

काल भावाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "बरं, ब्राउन चालेल. पण कोलेकला खेळवायला सांग त्याला." कोलेक म्हणजे निक्सच्या बाकावरचा तरुण गार्ड.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या सामन्याला तो पुन्हा पहाटेचा गजर लावेल. पहिल्या क्वार्टरची पाच मिनिटं उरली असताना बाकावरून कोण उठतं, आम्ही दोघंही तेच बघणार आहोत.