भीमेच्या वळणावर बुडीत बांध घालताना : माझा अनुभव

पुणे जिल्ह्यात भीमेच्या एका वळणाच्या बाहेरच्या काठावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र बदलले नव्हते, तरी नदीची कड दर पावसाळ्यात आत सरकत होती. पूर चढत असताना काठ बहुधा टिकतो. पाणी झपाट्याने ओसरले की भिजून जड झालेल्या मातीला बाहेरून आधार उरत नाही आणि उभ्या उसासकट दरड खाली बसते.

काठावर दगड ओतावेत, असे गावातल्या बहुतेकांचे मत होते. आम्ही नेमलेल्या अभियंत्यांनी मात्र आधी पायथा पाहायला लावला. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, तिथे खाली दबते आणि तळाने आतल्या काठाकडे वळते. जाताना पायथ्याची माती उकरून पलीकडच्या वाळवंटावर नेऊन टाकते. पायथाच पोखरला जात असेल, तर वर ओतलेला दगडही आज ना उद्या नदीतच जाणार.

म्हणून काठापासून पात्रात जाणारे, उगमाच्या दिशेने तिरपे रोखलेले आणि पुरात पाण्याखाली राहणारे दगडी बांध ठरले. पाणी अशा बांधावरून त्याच्या लांबीशी काटकोनात उतरते, त्यामुळे प्रवाहाचा रोख काठाकडून पात्राच्या मध्याकडे वळतो. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिसिसिपीच्या वळणांवरील जलमार्ग रुंद ठेवण्यासाठी पुढे आली. बांध सहसा काठाशी ६० ते ८० अंशांच्या कोनात घालतात आणि लांबी पात्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवतात.

खरा वेळ परवानगीत गेला. पात्राचे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत तळाची उंचसखलता दाखवणारे आलेख, कमी आहेत म्हणून फाईल परत आली, आणि ती हरकत मला रास्तच वाटली. पैलतीरावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न अधिक अवघड होता: “दादा, तुमचं रान वाचंल, पण लोंढा आमच्याकडं आला तर?” उंच बांधाच्या बाबतीत ही भीती खरी ठरू शकते. त्यामुळे बांधांची उंची आणि लांबी मर्यादित ठेवून नकाशा त्यांना वळणावर उभे राहूनच दाखवला.

काम उन्हाळ्यात, धरणाचे आवर्तन नसताना उरकले. प्रत्येक बांधाचे मूळ काठात खोलवर नेले, कारण पुराने मागून वाट काढली की बांध पात्रात एकटा पडतो. आता बांधांच्या मधल्या जागेत गाळ बसू लागला आहे. सर्वांत खालच्या बांधाच्या टोकाशी मात्र खळगा पडतो, त्यामुळे तिथे टाकण्यासाठी मोठे दगड काठावर राखून ठेवले आहेत.