५३२ च्या आड लपलेला १०६४: हिरव्या पेनांची तपासणी, पुढचा टप्पा

मंडळी, दुसऱ्या ठिपक्याचा गुंता सुटला! आणि सुटला तो एका भंगारातल्या फ्लॉपीने.

मागचं वाचलेल्यांना गाडी कुठे अडली होती ते ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात: आकाशदर्शनाच्या आपल्या गटात फिरणारे हिरवे लेझर पेन गोळा करून, त्यांतून हिरव्याबरोबर इन्फ्रारेड किती गळतं ते तपासणं चाललंय. ८०८ चा पंप डायोड, मग व्हॅनाडेटचा स्फटिक, त्यातून १०६४, मग तरंगलांबी निम्मी करणारा केटीपीचा स्फटिक आणि शेवटी ५३२, ही साखळी आता सगळ्यांना पाठ असेल (आकडे नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीचे; ५३२ हिरवा, ८०८ आणि १०६४ डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड). तिच्या टोकाला आयआर (म्हणजे इन्फ्रारेड) अडवणारी इवलीशी काच हवी. स्वस्त पेनात काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते, कारण ती नसली तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. उजेड तेवढाच हिरवा दिसतो.

मांडणी जुनीच. अमेरिकेच्या निस्ट या मोजमाप संस्थेने २०१० मध्ये घरी करता येईल म्हणून सुचवलेली: कागदाला भोक, भोकातून पेनचा किरण, समोर सीडी, आणि सीडीवरून परतणारे ठिपके कागदावर. ते बघायला आयआर फिल्टर काढलेला वेबकॅम. माझ्याकडे हे सगळं आतून काळा मॅट रंग दिलेल्या प्लायच्या पेटीत आहे. झाकण लावल्याशिवाय पेनचं बटण दाबायचं नाही, खोलीतला दिवा चालूच ठेवायचा (बाहुली जितकी लहान तितकं बरं), आणि पेटी बसल्यावरच्या डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली.

आता अडचण. सीडीचे चर १.६ मायक्रॉनवर. ते प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात वळवतात आणि तिचे एकामागे एक ठिपके पाडतात: पहिला, दुसरा. किरण काटकोनात मारला तर ५३२ चा पहिला ठिपका १९.४ अंशांवर पडतो, ८०८ चा ३०.३ वर. इथवर झकास. ८०८ मोकळ्या जागेत एकटा उभा, वेबकॅमला दिसतो, डोळ्याला नाही, विषय संपला. १०६४ चा पहिला ठिपका येतो ४१.७ अंशांवर. आणि ५३२ चा दुसरा? तोही ४१.७ वर. दशांशाचाही फरक नाही आणि पडणारही नाही, कारण १०६४ ची तरंगलांबी ५३२ च्या बरोब्बर दुप्पट. तिच्यातूनच तर हिरवा बनतो. सीडी तिरकी करा, दोघे जोडीनेच सरकतात. डीव्हीडी घ्यावी तर तिचे चर ०.७४ मायक्रॉनवर, सरळ माऱ्यात आयआरचा ठिपकाच पडत नाही. म्हणजे जो शोधायचा तो नेमका हिरव्याच्या आड दडलेला. वेबकॅममध्ये तिथे पांढरा गोळा दिसायचा, पण त्यात हिरवा किती आणि १०६४ किती?

मोबाइलच्या कॅमेऱ्यात आयआर फिल्टर असतो, म्हणून मोबाइल आणि वेबकॅम या दोन्हींच्या फोटोंतला फरक काढून पाहिला. सैद्धांतिकदृष्ट्या बरोबर, प्रत्यक्षात वैताग. वेबकॅमचं एक्स्पोजर आपल्या मर्जीने वर-खाली होतं, ठिपका जळून पांढरा पडतो आणि तुलनेला काही उरतच नाही. वर कॅमेऱ्यातल्या सिलिकॉन सेन्सरची नजर १०६४ ला फारच अधू. ८०८ चा ठिपका ठळक आणि १०६४ चा फिका दिसला म्हणून १०६४ कमी आहे असं मुळीच नाही, हे ज्यांनी मला फोटो पाठवलेत त्यांनी कृपया लक्षात घ्यावं.

एका मित्राने प्रिझम सुचवला. बरोबर सुचवला, साध्या काचेच्या प्रिझममधून हे दोन साधारण एका अंशाने फाकतात. पण एक अंश नीट दिसायला किरण दोनेक मीटर मोकळा सोडावा लागतो, म्हणजे पेटीबाहेर. अदृश्य किरण खोलीत मोकळा सोडून त्याचा शोध घ्यायचा, हा धंदा मला नको.

मग फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या आतली तपकिरी-काळी चकती दृश्य प्रकाश अडवते आणि जवळचं इन्फ्रारेड बऱ्यापैकी सोडते. ज्यांनी कधी आयआर फोटोग्राफीचे घरगुती उद्योग केलेत त्यांना ही युक्ती माहीत असेल. फ्लॉपी मात्र आता मिळेना. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, विचारलं तर दुकानदार हसले. शेवटी रविवारी जुन्या बाजारात एका ढिगाऱ्यात सापडल्या, जवळपास फुकट. चकतीचे दोन थर वेबकॅमच्या भिंगावर चिकटवले आणि बटण दाबलं.

१९.४ वरचा हिरवा ठिपका गायब. हीच या युक्तीची गंमत: पहिला, सगळ्यात ठळक हिरवा ठिपकाच थरांतून येत नाही, तर त्याहून फिका दुसरा कुठून येणार? तरीही ४१.७ वर ठिपका होता. बारीक, फिकट, पण ठाम. १०६४! मी खुर्चीतून उठून घरभर सांगत फिरलो. घरच्यांनी ‘बरं’ म्हटलं.

नंतर गटातले बाकीचे पेन लावले. बऱ्याच पेनांत १०६४ आहे, काहींत ८०८ सुद्धा. एका जुन्या, जड पितळी पेनात यांपैकी काहीच नाही; त्याची काच शाबूत. लेबलं सगळ्यांवर एकच, ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’. या लेबलावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तो नसण्याला आधार आहे. निस्टने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले तेव्हा हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के तिथल्या नियमांत बसले नव्हते. लाल ४४ टक्के. त्याआधी २०१० मध्ये त्यांच्या हाती लागलेल्या एका पेनातून हिरवा मंद येत होता आणि आयआर जवळजवळ २० मिलिवॅट.

हे ‘मंद’ प्रकरण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थंडीची चाचणी केली. पेन हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि काढल्या काढल्या पेटीत लावला. हिरवा जवळपास मेलेला, ३०.३ वरचा ८०८ मात्र आधीपेक्षा ठळक. कारण सरळ आहे. गार झाला की पंप डायोडचा रंग सरकतो, तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर. व्हॅनाडेटला ८०८ च्या आसपासचा चिंचोळा पट्टाच पचतो. न पचलेला तसाच पुढे जातो, आणि काच नसेल तर थेट बाहेर.

आता जेमिनिड्सची, डिसेंबरातल्या उल्कावर्षावाची, रात्र आठवा. पहाटे हातपाय गारठलेले, पेन मंदावलेला. आपण काय करतो? हातात चोळतो, सेल काढून घालतो आणि टोकाशी डोळा नेऊन बघतो, चालू आहे का. अंधाराला सरावलेली बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडी. पापणी पाव सेकंदात मिटते म्हणतात, पण ती मिटते उजेडाला. ८०८ आणि १०६४ ला डोळ्याचं भिंग इमानाने पडद्यावर एकवटतं आणि पापणी ढिम्म हलत नाही. मंदावलेला पेन सरळ बंद करून खिशात, ही सूचना पुढच्या शिबिराच्या कागदावर सगळ्यात वर घातली आहे.

गॉगलबद्दल विचारलं जातं, म्हणून सांगतो. पेनसोबत फुकट येणारा लाल प्लास्टिकचा गॉगल वेबकॅमसमोर धरला आणि मागून टीव्हीचा रिमोट दाबला. रिमोटचा दिवा लख्ख. रिमोट साधारण ९४० चा, ८०८ चा नव्हे, हे मान्य. पण ज्याच्यातून रिमोट आरपार जातो त्याच्यावर आयआरसाठी भरवसा ठेवायचा नाही. उलट तो धोक्याचाच, कारण पापणी मिटवणारा हिरवा तेवढा अडवतो आणि उरलेलं आत सोडतो. गॉगलवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडीचा (किती उजेड अडवतो त्याचा) आकडा छापलेला नसेल तर तो गॉगल नव्हे, जत्रेतला चष्मा. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत, आणि तोही छापलेल्या पट्ट्यापुरताच. ४४५ चा, म्हणजे निळ्या लेझरचा, गॉगल १०६४ ला कामाचा नाही.

४४५ वरून आठवलं: ‘एक वॅटचा निळा घेऊ का’ हा प्रश्न आता थांबवा. २०१० च्या सुमारास प्रोजेक्टरमधले निळे डायोड काढून हातातले लेझर बनू लागले तेव्हापासून हे वेड आहे. लेझरचे धोक्यानुसार क्लास असतात, १ सगळ्यात सौम्य, ४ सगळ्यात घातक; पाव सेकंदाच्या पापणीवर विसंबून धरलेली क्लास २ ची मर्यादा १ मिलिवॅट. एक वॅट म्हणजे तिच्या हजारपट आणि थेट क्लास ४. तिथे भिंतीवरचा ठिपका जवळून बघणंसुद्धा धोक्याचं. १ मिलिरेडियन (दर मीटरला १ मिलिमीटर) पसरणाऱ्या किरणाचं हिशेबी धोक्याचं अंतर ५ मिलिवॅटला १६ मीटर येतं, एक वॅटला सव्वादोनशे. तारा दाखवायला हे कशाला हवं? गणपतीत लेझरच्या झोतांनी डोळ्यांचं काय होतं ते २०२३ नंतर आपल्याकडे पुरेसं छापून आलंय. आणि लोहगावला उतरणारं विमान दिसलं की पेन खाली, यावर चर्चा नाही.

आकडे बाकी आहेत. गळती आहे हे कळलं, किती ते नाही. सिलिकॉनच्या फोटोडायोडवर १०६४ साठी माझा भरवसा बसत नाही, म्हणून पेल्टियरवर (एक बाजू तापली की व्होल्टेज देणाऱ्या चकतीवर) काजळी धरून घरगुती मीटर बनवतोय. काजळी सगळ्या रंगांना सारखीच भुकेली. पण आपला नेहमीचा १२७०६ मॉडेलचा पेल्टियर फार मोठा. ५ मिलिवॅटला जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट, आणि शेजारी माणूस उभा राहिला तरी वाचन त्याहून जास्त हलतं. लहान पेल्टियर मागवलाय. ज्याच्याकडून मागच्या वेळी मागवला त्याने दोनदा चुकीचा माल पाठवला होता, म्हणून यंदा दुकान बदललं.

हे लिहिता लिहिताच सुचलं: जुन्या स्लाइड प्रोजेक्टरमध्ये दिव्यापुढे उष्णता शोषणारी काच असते. ती हिरवा बराचसा सोडते आणि आयआर खाते. मीटरपुढे एकदा काचेशिवाय मोजायचं, एकदा काच लावून. काचेतून हिरवा किती कमी होतो ते आयआर नसलेल्या पितळी पेनवर आधी काढून ठेवायचं. मग सीडी नको, ठिपके नकोत, थेट मिलिवॅट! पेल्टियर येईपर्यंत आधी ही काच शोधतो. तुकडा कापून पेनच्या तोंडाशीच बसवता आला तर जुने पेन वाचतीलही, पण नवीन घेणाऱ्यांनी ५२० चा डायरेक्ट डायोड, म्हणजे थेट हिरवाच देणारा, बघावा. किरण थोडा चौकोनी आणि जास्त पसरट, पण मध्ये स्फटिक नाहीत, म्हणून आयआरची भानगड नाही आणि थंडीत रुसणंही नाही. कुणाकडे बंद पडलेला स्लाइड प्रोजेक्टर माळ्यावर पडून असेल तर दिवा नको, भिंगं नकोत, फक्त ती काच द्या.