काका, हात सैल सोडा

मार्चचा तिसरा आठवडा होता. कऱ्हाडात माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. मार्च आला की बँकांतली, पतसंस्थांतली, सीएंच्या ऑफिसातली माणसं माना धरून येतात. त्या संध्याकाळी साडेसातला आलेले काका त्यांतलेच. वय ५४, एका पतसंस्थेत २६ वर्षं कॅशियर. गळ्यात पट्टा, हातात एक्स-रेचं पाकीट, बरोबर काकू. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मणक्यात गॅप आलाय मॅडम. शेक द्या आणि ते मशीन लावा."

दुखत होता डावा खांदा. डावा म्हटलं की मी आधी छातीचं विचारते. चालताना, जिना चढताना दुखणं वाढतं का? घाम येतो का? धाप लागते का? तसं काही नव्हतं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी तीनच दिवसांपूर्वी काढलेला ईसीजीही व्यवस्थित होता. बीपीची गोळी महिनाभरापूर्वी सुरू झाली होती, तरी मी घेतलं तेव्हा बीपी १४८/९२ भरलं. हाताला मुंग्या नाहीत, दोन्ही हातांची पकड सारखी. एक्स-रेत या वयात बहुतेकांच्या मानेत दिसतात तेवढेच बदल. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू मात्र बोटांना दोरखंडासारखा लागत होता.

त्यांना उताणं झोपवलं. डावा हात कोपराखाली आणि मनगटाखाली धरून उचलला आणि म्हटलं, "काका, हात सैल सोडा. सगळं वजन माझ्या हातांवर टाका."

"सोडला."

मी माझे दोन्ही हात हळूच काढून घेतले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो, सोडा की!"

"सोडलाय म्हणतोय ना!"

ते खोटं बोलत नव्हते. छताकडे बघत होते आणि आपला हात सैल आहे अशी त्यांची खात्री होती. मी त्या हाताकडे बघत राहिले. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकलेली, नोट चाचपताना असतात तशी.

त्यांना मान वळवून स्वतःचा हात बघायला सांगितलं. बघितला आणि गप्प झाले.

असं मी पूर्वीही पाहिलं होतं, पण इतकं लख्ख नाही. धोका दिसला की अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, स्नायू आवळतात. पळायला किंवा लढायला शरीर सज्ज होतं. पळून झालं, लढून झालं की ते आपसूक निवतं. काउंटरमागचा माणूस पळतही नाही आणि लढतही नाही. समोर रांग, हातात बंडल, कानावर "जरा लवकर करा हो". खांदे थोडेसे वर चढतात आणि तिथेच राहतात. अशी वर्षं गेली की तीच त्यांची नेहमीची जागा होते. मग सैल म्हणजे कसं, हेच शरीर विसरतं. म्हणून "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मी माझ्या क्लिनिकमध्ये बंद केलंय. ज्याला आपण आवळून धरलंय हेच कळत नाही, तो सोडणार कसा? तेवढं ऐकून माणूस आणखी अपराधी होऊन घरी जातो, याचा मला मनापासून राग येतो.

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू टप्प्याटप्प्याने सैल करायच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मूळ पद्धतीला कितीतरी बैठका लागत, आम्ही वापरतो ती आटोपशीर. एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा आणि दोन्हींतला फरक नीट जाणायचा. मी दिवा मंद केला, दार लोटलं. "उजवी मूठ घट्ट करा. पाच सेकंद. आता सोडा. काय वाटतंय, नुसतं बघा." मग पुढचा हात, मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडून देणं, मग डोळे, मग जबडा. श्वास सोडताना नाडी किंचित संथ होते, म्हणून सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब.

काकू हळूच म्हणाल्या, "हे आपलं शवासनच झालं की." खरंच होतं ते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले होते. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं होतं, काहींचा औषधाचा डोस कमी करता आला होता. हे मी त्यांना नंतर सांगितलं, आणि त्याच दमात हेही, की गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

बारा-पंधरा मिनिटांनी डावा हात पुन्हा उचलला. ओल्या चादरीसारखा जड, सगळा माझ्या हातांत. मला फार बरं वाटलं.

आणि काका ताडकन उठून बसले. कपाळावर घाम. दाराकडे बघत शर्टाचा खिसा चाचपत होते. "काहीतरी राहिलंय," म्हणाले. "किल्ल्या. कुठंय माझ्या किल्ल्या?"

किल्ल्या काकूंच्या पर्समध्ये होत्या, काकांनीच ठेवायला दिलेल्या. काकूंनी काढून हातात दिल्या. काकांनी त्या मोजल्या. नाडी बघितली तर ११०.

पाणी पिऊन झाल्यावर बोलू लागले. सहा वर्षांपूर्वी दिवसअखेर कॅश जुळली नव्हती. १८ हजार कमी. व्हाउचरं तीनदा तपासली, ड्रॉवर उपसला, काही लागलं नाही. पैसे त्यांनी पगारातून हप्त्याहप्त्याने भरले. संस्थेत कुणी चोर म्हटलं नाही, पण कुणी "तुम्ही घेतले नसणार" असंही म्हटलं नाही. मग एक वाक्य म्हणाले, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "त्या दिवशी मी जरा निवांत होतो हो. दुपारी मुलीच्या लग्नाचं ठरल्याचा फोन आला होता."

सैल झालं की घात होतो, असं त्यांच्या शरीराने त्या दिवशी पक्कं धरलं होतं. आणि मी काहीही न विचारता अंधार करून, दार लोटून त्यांना थेट तिथेच नेलं होतं. विश्रांती घेतानाच काहींना घाबरायला होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मला ते सुचलं नाही. चूक माझी होती आणि मी त्यांना तसं सांगितलं.

मग दिवा लावला, दार उघडलं. खुर्चीत बसवलं, डोळे उघडे, पाय जमिनीवर. फक्त उजवी मूठ, फक्त दोनदा. "नको वाटलं की तिथेच थांबायचं. मला विचारायचंही नाही." घरी रात्री जेवणानंतर फक्त पावलं आणि पोटऱ्या, काकूंनी शेजारी बसून बरोबर करायचं. काउंटरवर काय करायचं ते काकांनीच शोधलं. "मोजताना जमणार नाही. पण बंडलाला रबर लावला की ते काम संपलं. तेव्हा खांदे सोडीन." याहून चांगली जागा मला सुचली नसती.

एवढ्याने भागणार नव्हतं. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, हे काकूंनी निघताना सांगितलं. त्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि काकांना म्हटलं, दिवसअखेर मोजणीला दुसरा माणूस शेजारी मागा. ती भीती खांद्यात साठली असली तरी तिचं कारण खांद्यात नव्हतं. एकट्याच्या जिवावर एवढी रोकड टाकणं मला आजही चुकीचंच वाटतं. मागायला त्यांना तीन आठवडे लागले. दुसरा माणूस मिळाला.

एप्रिलच्या शेवटी ते सहाव्यांदा आले. पट्टा नव्हता. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. एव्हाना ते झोपून, डोळे मिटून करू शकत होते, दार मात्र उघडंच. किल्ल्या उशाशी. मी डावा हात उचलला, थोडा वेळ धरला आणि माझे हात काढून घेतले.

हात धप्पकन गादीवर पडला.

"पडला?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"पडला, काका."

"पुन्हा एकदा उचलून बघा. एकदाच मोजलेलं मी धरत नाही."