नीडरमायरांच्या घरात नीडरमायर कुणीच नव्हतं

जुनी जर्मन हस्ताक्षरं वाचून देणं हे माझं काम. पुण्यात बसूनच करते. जर्मनीतलं एक छोटं वंशावळ-कार्यालय चर्चच्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रं पाठवतं आणि मी त्यातली कुरेंट लिपी वाचून मजकूर टंकून देते. या लिपीत 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखेच दिसतात, नुसत्या दोन तिरप्या रेघा. ज्यांनी मोडीची दफ्तरं चाळली आहेत त्यांना ही झटापट समजावून सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात मिसूरीतल्या एका वृद्ध गृहस्थांचं काम आलं. त्यांचं आडनाव मायर. खापरपणजोबा 1840च्या दशकात जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातल्या राव्हन्सबर्ग भागातून अमेरिकेत आले. त्या काळात तिथला हातमागाच्या लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचा धंदा यंत्राच्या सुतापुढे कोलमडला आणि गावंच्या गावं ब्रेमेनच्या जहाजांवर चढली. मिसूरीच्या चर्चच्या वहीत खापरपणजोबांचं पूर्ण आडनाव होतं. खरं नाव इथे देत नाही, नीडरमायर म्हणू या. पुढच्या पिढीने ते कापून नुसतं मायर केलं. गृहस्थांची मागणी साधी होती: आमचं घराणं त्या शेतावर शेकडो वर्षं होतं असं घरात सांगतात, तर जाता येईल तितकं मागे जा.

मागणी वाजवीच होती, कारण मायर हे आडनाव जमिनीतूनच उगवलेलं आहे. मूळ लॅटिन 'मायोर', म्हणजे मोठा. महापौराला आपण मेयर म्हणतो तो शब्दही त्याच मुळाचा. फ्रँक राजांच्या काळात जहागिरीवर धन्याच्या वतीने शेती करवून घेणारा, सारा गोळा करणारा माणूस म्हणजे मायर. इ.स. 800च्या सुमाराचा, शार्लमेन या फ्रँक राजाच्या नावाने ओळखला जाणारा एक फतवा आहे. त्यात म्हटलंय की मायरच्या ताब्यात एका दिवसात फिरून देखरेख करता येईल एवढीच जमीन असावी. मला हे वाक्य फार आवडतं. कोकणातला खोत, देशावरचा पाटील किंवा देशमुख जसा हुद्द्यावरून आडनाव झाला, तसाच हा. पुढे शतकांनंतर मोठं शेत कसणारा कूळही मायर म्हणवू लागला, आणि असे मायर एकाच पंचक्रोशीत इतके झाले की ओळखायला पुढे काहीतरी जोडावं लागलं. खालच्या अंगाला शेत तो नीडरमायर, वरच्या अंगाला तो ओबरमायर, नवं शेत असलेला नीमायर. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर 1956 साली राव्हन्सबर्गजवळच्या डेटमोल्डला जन्मले, म्हणजे अशा जोड-मायरांच्या अगदी गाभ्यात.

देवनागरीत मी सगळे मायर एकसारखे लिहिते आहे, पण जर्मनीत त्यांची चार-पाच लेखनं आहेत आणि ती साधारण प्रदेश सांगतात. ई-वाय (Meyer) उत्तरेकडे जास्त: मूलद्रव्यांची सारणी मांडणारे रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर ओल्डेनबुर्गमधल्या फारेलचे. ए-वाय (Mayer) नैर्ऋत्येला: ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडणारे रोबर्ट मायर हाइलब्रोनचे. 'आर'च्या आधीचा 'ई' गाळून (Mayr) लिहिणारे दक्षिणेत, आल्प्सच्या बाजूला: जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर केम्प्टनला जन्मले. फुटबॉलचा गोलरक्षक झेप मायर ए-आय (Maier) लिहितो, तो बव्हेरियाचा. 1876पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्मनोंद सुरू झाली आणि वहीत जे लेखन पडलं ते हळूहळू पक्कं झालं. त्याआधी सख्ख्या भावंडांची नावंही पाद्र्याच्या कानाला जशी आली तशी लिहिलेली सापडतात.

आणि प्रत्येक मायर या जहागिरीतून आला असंही नाही. हिब्रूतलं 'मेईर' म्हणजे उजेड देणारा. ज्यू घराण्यांतलं ते नाव जर्मन मायरमध्ये मिसळून गेलं. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयरसन यांनी 1956 साली मेईर हे हिब्रू रूप घेतलं, तो हा दुसरा झरा.

माझं काम मात्र पहिल्या झऱ्याचं होतं. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा लगेच सापडला, 1810चा. वडील नीडरमायर, शेतही तेच. पण वडिलांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्या गावात कुठेच नव्हता. नीडरमायरांची मुलं वहीत होती, तो नव्हता. शेवटी 1806च्या लग्नांच्या पानावर तो भेटला. नवरी: नीडरमायर शेतावरची विधवा, पदरी लहान मुलगा. नवरा: श्रोडर, 'गेनांट' नीडरमायर. गेनांट म्हणजे 'म्हणवणारा'. या एका शब्दासाठी मी ते पान मोठं करकरून पाहिलं, कारण त्यावर सगळं अवलंबून होतं.

त्या भागात आडनाव बापाकडून नव्हे, शेताकडून यायचं. जो शेतावर नांदायला येईल तो शेताचं नाव घेई, मग तो जावई असो की विधवेचा दुसरा नवरा. त्याची मुलंही त्याच नावाची. आपल्याकडे घरजावई झाला तरी माणूस आपलं आडनाव सोडत नाही. दत्तक गेला तरच बदलतं. तिथे दोन सख्खे भाऊ दोन शेतांवर लग्न करून गेले की आडनावं दोन. 1822 साली, तेव्हा त्या भागावर राज्य असलेल्या प्रशियाच्या राजाज्ञेने परवानगीशिवाय आडनाव बदलायला बंदी घातली, तेव्हा ही रीत मोडत गेली.

पुढची पानं वाचताना मात्र जीव हळहळला. श्रोडर हा 'इंटरिम्सविर्ट' होता, तात्पुरता घरधनी. पहिल्या नवऱ्याचा मुलगा वयात येईपर्यंत ठरावीक वर्षं शेत सांभाळायचं, मग ते त्याच्या हाती देऊन आवारातल्या छोट्या घरात राहायचं. तसंच झालं. श्रोडरच्या मृत्यूची नोंद त्याच छोट्या घरातली आहे, नीडरमायर याच नावाने. शेत अखंड राहावं म्हणून ते एकालाच मिळे, आणि तो एक होता सावत्र भाऊ. खापरपणजोबांच्या वाट्याला शेताचं नाव आलं, शेताची एक काकरीही नाही. मग मिसूरी.

मी पहिल्या नवऱ्याचाही मागोवा घेतला. तोही त्या शेतावर लग्न करूनच आलेला, तेही आधीच्या धन्याच्या विधवेशी. ती मूल न होता वारली, मग त्याने दुसरं लग्न केलं, आणि ती बाई म्हणजे आपली 1806ची नवरी. म्हणजे त्या उंबऱ्याच्या आत रक्ताचा नीडरमायर तेव्हाच उरला नव्हता.

कार्यालयाने अहवाल पाठवला. गृहस्थांचं उत्तर मोजक्या ओळींचं होतं, त्यातला प्रश्न माझ्यासाठी होता: मग आम्ही मायर नाही का? मी स्वतः उत्तर लिहायची परवानगी मागितली. लिहिलं, तुम्ही मायरच आहात. तुमच्या पूर्वजाने ते नाव चोरलं नाही, दुसऱ्याच्या पोरक्या मुलाची जमीन राखण्याच्या बदल्यात ते त्याला मिळालं. ज्या शेकडो वर्षांबद्दल तुमच्या घरी बोलतात ती शेताची वर्षं आहेत. त्यांतली मोजकी तुमच्या पूर्वजाने राबून काढली, आणि त्याचा पुरावा वहीत आहे.

त्यांनी वंशवृक्षात त्या पूर्वजाचं नाव लग्नाच्या नोंदीप्रमाणेच लिहायला सांगितलं, श्रोडर गेनांट नीडरमायर. खाली दोन फांद्या: एक शेताची, एक रक्ताची. श्रोडर म्हणजे शिंपी. सध्या शेजारच्या गावच्या वह्यांत मी शिंप्यांचं हे घर शोधते आहे. 1740पर्यंत पोचले आहे.