तोच फायरबॉल, दोन वस्तू: मॅजिक आयटमचा मजकूर कसा वाचावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत वाँड ऑफ फायरबॉल्स आणि नेकलेस ऑफ फायरबॉल्स अशा दोन जादूच्या वस्तू (मॅजिक आयटम) आहेत. दोन्हींतून फायरबॉलच, म्हणजे आगीचा गोळा निघतो. २० फूट त्रिज्येचा भडका, सहा बाजूंचे आठ फासे डॅमेज (इजा), त्यातून बचावायला डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह, म्हणजे फासा टाकून केलेला प्रयत्न, आणि सेव्हची डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, दोन्हीकडे १५. म्हणून बहुतेक टेबलांवर या दोन वस्तू सारख्याच चालवल्या जातात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. वाँडच्या वर्णनात चार्ज (वस्तूत साठलेली जादू) खर्चून फायरबॉल 'कास्ट' करता येतो, म्हणजे स्पेल (मंत्र) म्हणून टाकता येतो, असं लिहिलंय. नेकलेसच्या वर्णनात तुम्ही काहीच कास्ट करत नाही. माळेतला मणी तोडायचा, ६० फुटांपर्यंत फेकायचा, आणि तो तिसऱ्या लेव्हलच्या (ताकदीच्या पायरीच्या) फायरबॉलसारखा फुटतो. आग एकच, क्रियापदं वेगळी. मॅजिक आयटमवरचे निम्मे वाद या क्रियापदाकडे बोट ठेवलं की तिथल्या तिथे मिटतात. (इथून पुढे सगळे नियम पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या मूळ मजकुराचे धरा. २०२४च्या सुधारित मजकुरात फरक पडला असेल तिथे तसं लिहितो.)

या एका शब्दावर काय काय अवलंबून आहे ते बघा. रिंग ऑफ इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारी अंगठी) घातलेल्या माणसाने हल्ला केला किंवा स्पेल कास्ट केला की तो दिसू लागतो. वाँड वापरली तर स्पेल कास्ट झाला, म्हणजे तो दिसणार. मणी फेकताना अटॅक रोल नाही, त्यामुळे नियमाच्या भाषेत तो हल्ला होत नाही, आणि कास्टिंगही नाही. मजकूर जसाच्या तसा घेतला तर तो अदृश्यच राहतो. हे खटकतं हे मान्य आहे. २०२४च्या इन्व्हिजिबिलिटी स्पेलमध्ये 'डॅमेज केल्यावर' ही अट घातली गेली, त्यातून त्या स्पेलपुरती पळवाट बुजते. जुन्या मजकुरावर खेळत असाल आणि हे पटत नसेल तर बदला, पण मणी हवेत असताना बदलू नका.

दुसरा परिणाम बोनस अ‍ॅक्शनचा. ही टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, मिळणारी जादा छोटी कृती. २०१४च्या नियमात बोनस अ‍ॅक्शनने हीलिंग वर्ड (जखम भरणारा स्पेल) टाकला की त्या टर्नमध्ये दुसरा स्पेल फक्त एका अ‍ॅक्शनचा कँट्रिपच (स्लॉट न लागणारा साधा स्पेलच) चालतो. वाँडचा फायरबॉल हाही कास्ट केलेला स्पेल, म्हणून तो बसत नाही; मणी बसतो. २०२४मध्ये बंधन स्पेल स्लॉटवर (स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधींवर) गेलं: एका टर्नमध्ये स्पेल टाकण्यासाठी एकच स्लॉट खर्चायचा. वाँडला स्लॉट लागतच नाही, त्यामुळे तिथे हीलिंग वर्ड आणि वाँड दोन्ही चालतात.

तिसरा परिणाम आपल्याच माणसांना भोवतो. इव्होकेशनवाल्या (फायरबॉलसारख्या स्पेलच्या शाखेतल्या) विझर्डचं, म्हणजे जादूगाराचं, स्कल्प्ट स्पेल्स हे कौशल्य 'तुम्ही इव्होकेशन स्पेल कास्ट करता तेव्हा' लागू होतं. तिसऱ्या लेव्हलच्या फायरबॉलमधून त्याला दिसणारे एक अधिक तीन, म्हणजे चार जण सुखरूप बाहेर काढता येतात. वाँडला हे लागतं, मण्याला नाही. विझर्डने मणी फेकला आणि भडक्यात स्वतःचाच फायटर (योद्धा) उभा असेल तर त्याला सेव्ह टाकायलाच लागेल.

वाँडची आणखी एक चूक फार सर्रास दिसते. विझर्डची स्वतःची डीसी १७ असते आणि तो वाँडलाही १७ लावतो. मजकुरात १५ छापलेली आहे, तीच राहते. ज्या वस्तूचं वर्णन स्पष्टपणे तुमची डीसी वापरायला सांगतं, तिथेच तुमची. तसंच, वस्तूतून टाकलेला स्पेल शक्य त्या सर्वांत खालच्या लेव्हलला होतो हा सर्वसाधारण नियम, आणि प्रत्येक जादा चार्जमागे एक लेव्हल वाढते हा वाँडचा खास नियम. खास नियम वरचढ. सातही चार्ज एकदम ओतले तर फायरबॉल नवव्या लेव्हलचा होतो, म्हणजे चौदा फासे. मग शेवटचा चार्ज गेला म्हणून वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ आला तर वाँडची राख. ही शक्यता वीसात एक, आणि फासा टाकायचा तो शेवटचा चार्ज गेला तरच. एक चार्ज शिल्लक ठेवणाऱ्याला तो कधीच टाकावा लागत नाही.

आता सायलेन्स, म्हणजे एका जागेतला आवाज बंद करणारा स्पेल. 'आवाज बंद, म्हणजे मॅजिक आयटम बंद' असं धरलं जातं, ते चूक आहे. बंद पडतात त्या कमांड वर्ड (चालू करायला उच्चारायचा शब्द) लागणाऱ्या वस्तू. फायरबॉलच्या वाँडला कमांड वर्ड नाही, आणि वस्तूतून टाकलेल्या स्पेलला एरवी कुठले कंपोनंटही (शब्द, हावभाव, साहित्य) लागत नाहीत. फ्लेम टंग तलवारीला मात्र कमांड वर्ड आहे. सायलेन्सच्या आत ती पेटणार नाही. पण बाहेर पेटवून आत नेली तर? ज्वाला पुन्हा शब्द उच्चारेपर्यंत, किंवा तलवार खाली टाकेपर्यंत वा म्यान करेपर्यंत टिकतात. आत गेल्याने यातलं काहीच होत नाही, म्हणून ती पेटलेलीच राहते. आत ती शब्दाने विझवता येणार नाही, म्यान करून येईल.

क्रियापदांचा दुसरा गट धरण्या-घालण्याचा आहे, आणि इथे आपली मराठीच घोळ घालते. इंग्रजी मजकुरात तीन वेगळ्या अटी असतात: हातात धरलेली, अंगात घातलेली, आणि नुसती जवळ असलेली. टेबलावर या तिन्हींना सर्रास 'अंगावर आहे' म्हटलं जातं. स्टाफ ऑफ पॉवर आर्मर क्लासला (बचावाच्या आकड्याला) +२ देतो तो हातात असतानाच. पाठीला बांधला की ते गेले. क्लोक ऑफ प्रोटेक्शन घातलेला हवा, पिशवीत घडी करून ठेवलेला चालत नाही. स्टोन ऑफ गुड लक मात्र खिशात असला तरी पुरे. आयटम कार्ड मराठीत लिहीत असाल तर 'धरून', 'घालून' आणि 'जवळ' हे तीन शब्द ठरवून टाका आणि 'अंगावर' वापरूच नका. कार्डं मराठीत करायला हरकतही नाही. नियमांचा मोफत संच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे; श्रेय दिलं की भाषांतर करता येतं.

अट्यूनमेंटचे, म्हणजे वस्तू स्वतःशी जोडून घेण्याचे, नियम लोकांना पाठ असतात, पण अर्धेच. तीन वस्तूंची मर्यादा सगळ्यांना माहीत असते. बदलायला किती वेळ लागतो ते नसतं. जुनी वस्तू स्वेच्छेने सोडायला एक शॉर्ट रेस्ट (किमान तासाभराची विश्रांती), नवी जोडायला दुसरा. म्हणजे दारापाशी उभं राहून अदलाबदल होत नाही, किमान दोन तास जातात. वस्तूचे गुणधर्म ओळखण्यात घालवलेला शॉर्ट रेस्ट तिला जोडण्यासाठी मोजता येत नाही. रेस्ट मध्येच मोडला तर प्रयत्न फसला, पुन्हा पहिल्यापासून. वस्तू हरवली तर नातं तुटायला दोन अटी एकत्र लागतात: १०० फुटांपेक्षा जास्त अंतर आणि सलग २४ तास.

एक वाक्य इथे खरोखर संदिग्ध आहे. एक वस्तू एका वेळी एकाच जीवाशी जोडलेली असू शकते, असं लिहिलंय. त्यावरून काही जण म्हणतात की चोराने अंगठी पळवली तरी पहिला मालक जोडलेला असेपर्यंत चोराला ती जोडता येणार नाही. पण नातं कशाने तुटतं त्या यादीत 'दुसऱ्याने ती वस्तू जोडून घेतली तर' हेही आहे. पहिला अर्थ घेतला तर यादीतली ही ओळ कधीच घडू शकत नाही. ज्या अर्थाने मजकुरातली दुसरी ओळ निरर्थक ठरते तो अर्थ सोडून द्यायचा. म्हणून चोर एका तासात अंगठी आपली करू शकतो, आणि त्या क्षणी मालकाचं नातं तुटतं.

बेरजेचाही प्रश्न वारंवार येतो. रिंग ऑफ प्रोटेक्शनचा +१ आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शनचा +१ एकत्र मिळतात, कारण वस्तू वेगळ्या. दोन रिंग ऑफ प्रोटेक्शन एकाच वेळी जोडताच येत नाहीत.

रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंगवर (स्पेल साठवणाऱ्या अंगठीवर) मात्र वेळ घालवायला हवा, कारण तिथे एका स्पेलला दोन मालक असतात. अंगठीत एकूण पाच लेव्हल मावतात: एक तिसरीचा आणि एक दुसरीचा, किंवा पहिलीचे पाच. मोजायची ती स्लॉटची लेव्हल. पहिलीचा स्पेल तिसरीच्या स्लॉटने भरला तर तीन जागा गेल्या. जागा नसताना भरायला गेलात तर स्लॉट वाया, परिणाम शून्य. भरणाऱ्याने अंगठीला स्पर्श करून स्पेल नेहमीसारखा कास्ट करायचा, कंपोनंटसकट. महागडा कंपोनंट खर्च व्हायचा तो याच वेळी होतो.

बाहेर काढताना विभागणी अशी. स्लॉटची लेव्हल, डीसी, अटॅक बोनस आणि स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटी भरणाऱ्याची. बाकी सगळं, जणू अंगठी घातलेल्यानेच स्पेल टाकलाय असं. म्हणजे क्लेरिकने (पुरोहिताने) भरलेला क्युअर वुंड्स हा जखम भरणारा स्पेल फायटरने टाकला तर फाशांत क्लेरिकचा विस्डम मॉडिफायर (विस्डम गुणावरून मिळणारा आकडा) मिळवायचा. पण ब्लेस टाकला तर कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) फायटरचं. त्याला मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह त्यानेच टाकायचा, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मी, जी जास्त असेल ती. क्लेरिक त्याच वेळी दुसऱ्या स्पेलवर कॉन्सन्ट्रेट करू शकतो, आणि अंगठीची खरी किंमत इथे आहे. कास्टिंग टाइमही मूळचाच राहतो: शील्ड हा स्पेल (दुसऱ्याच्या कृतीला प्रतिसाद म्हणून) रिअ‍ॅक्शननेच टाकता येतो, आणि फाइंड फॅमिलिअर (साथीदार प्राणी बोलावणारा स्पेल) अंगठीतून काढला तरी तासभर बसावंच लागतं. तो फॅमिलिअर अंगठी घातलेल्याचा होतो, भरणाऱ्याचा नाही.

बॅग ऑफ होल्डिंगचं, म्हणजे आतून मोठी असलेल्या जादूच्या पिशवीचं, भांडण गणिताचं असतं. तोंडाचा व्यास सुमारे २ फूट, खोली ४ फूट. याचं घनफळ काढलं तर साडेबारा घनफूट येतं आणि कोणीतरी म्हणतं की मजकुरातला ६४ घनफूट हा आकडा छपाईची चूक आहे. तसं नाही. २ आणि ४ ही बाहेरची मापं, ६४ घनफूट आतली जागा. वजनाची मर्यादा ५०० पौंड, म्हणजे साधारण २२७ किलो. आता ५००ला ६४ने भागा: घनफुटाला पावणेआठ पौंड. यापेक्षा जड असलेलं काहीही भरलं तर जागेच्या आधी वजन संपतं. पाणी घनफुटाला ६२ पौंड, म्हणून २२७ लिटरलाच पिशवी भरली, जागा जवळपास सगळी रिकामी. पन्नास किलोची तांदळाची पोती चार. सोन्याची नाणी पौंडाला ५०, म्हणजे २५,०००. सुटा कापूस किंवा पिसं सोडली तर टेबलावर घनफळ मोजायची गरज नाही. वजन तेवढं लिहीत जा. मर्यादा ओलांडली की पिशवी फाटते आणि ऐवज अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये (दुसऱ्याच एका जगात) विखुरतो, म्हणून हा आकडा अंदाजाने चालवणं बरं नाही.

आतल्या जागेचा आकार मजकुरात दिलेला नाही. मी घन धरतो: बाजू ४ फूट, आतला सर्वांत लांब कर्ण सात फुटांना किंचित कमी. भाला बसेल, दहा फुटी काठी नाही. माणसं लपवायची असतील तर दहा मिनिटांना माणसांच्या संख्येने भागायचं, किमान एक मिनिट. चौघे असतील तर अडीच मिनिटं, त्यानंतर गुदमरणं सुरू.

इम्मूव्हेबल रॉडबद्दल (बटण दाबलं की जागच्या जागी स्थिर होणाऱ्या दांड्याबद्दल) थोडक्यात: ८,००० पौंड, म्हणजे सव्वाछत्तीसशे किलोंपर्यंत भार तो धरतो, आणि जागचा हलवायला डीसी ३०चा स्ट्रेंथ चेक (ताकदीसाठी टाकलेला फासा). तो कशाच्या संदर्भात स्थिर हे लिहिलेलं नाही. चालत्या जहाजात बटण दाबलं तर रॉड जमिनीच्या संदर्भात थांबला असं मी धरतो. जहाज पुढे जातं आणि भिंत त्यावर आदळते. जहाजाचा जोर ८,००० पौंडांपेक्षा जास्त ठरला तर रॉड सुटतो.

मग 'डॉन' (dawn). चार्ज रोज डॉनला परत येतात, लाँग रेस्टला (मोठ्या विश्रांतीला) नाही. दुपारी आठ तास झोपलात तरी वाँड रिकामीच. मराठीत हा शब्द पहाट म्हणून वाचला की कोणाची पहाट चारला होते, कोणाची सहाला, आणि पहाटेचा हल्ला पाच वाजता असेल तर तेवढ्यावरून वाद होतो. सरळ सूर्योदय धरा. जमिनीखालच्या मोहिमेत वर सूर्योदय झाला की चार्ज आले असं समजा. तिथे कोणाला तो दिसायची गरज नाही.

ठरलेलं सगळं वहीत लिहा. 'नेकलेस: अदृश्य राहतो' ही नोंद तीन महिन्यांनी कोणाला कळत नाही. 'नेकलेस ऑफ फायरबॉल्स, २०१४: मणी फेकणं हे कास्टिंग नाही आणि अटॅकही नाही. रिंग ऑफ इन्व्हिजिबिलिटी चालू राहते. शत्रूंनाही हेच लागू' अशी लिहा: वस्तू, आवृत्ती, कुठल्या शब्दावर निर्णय टेकलाय, आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे हे. निर्णय बदलला तर जुनी नोंद खोडू नका. खाली तारीख घालून नवी लिहा, आणि चालू लढाई संपल्यावर ती लागू करा.